दुकानातलं

चर्चमधल्या प्रीतिभोजनाच्या टेबलावर हौसाने पिशवीतून बिस्किटांचे पुडे काढून ठेवले.

“आज भाजी नाही आणलीस?” एस्तेरबाईंनी विचारलं.

मंडळीत नव्यानेच आलेल्या हौसाने गेल्या महिन्यात घरून पातेलंभर वांग्याची भाजी आणली होती. ‘हिच्या हातचं कोण खाणार,’ असं मनाशी म्हणत एस्तेरबाईंनी ते पातेलं झाकणासकट बाकाखाली सरकवलं होतं. कुणी पाहिलं नाही, असंच त्यांना वाटलं होतं. मग ‘प्रभू, आम्ही सगळी तुझीच लेकरं’ अशी खणखणीत प्रार्थनाही त्यांनीच केली होती.

“न्हाई, बाई,” हौसा हसून म्हणाली. “हे दुकानातलं हाय. माझा हात लागला न्हाई. समद्यांना चालंल.”

तेवढ्यात पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी एस्तेरबाईंनाच पुढे बोलावलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. एस्तेरबाईंची मान आधीच खाली गेली होती.