मुखरूची बंडी

बांबू तोडायला जंगलात गेलेला मुखरू ठरलेल्या दिवशी परतला नाही. वाघ फिरत असल्याची बोंब गावात आधीच होती. त्याची बायको रंभा दारात वाट पाहत बसली होती, तेवढ्यात लेक चंदा शाळेतून नाचत आली. तिच्या हातात बाहुला होता. डोकं वाळक्या भोपळ्याचं, हात खराट्याच्या काड्यांचे आणि अंगात मुखरूची फाटकी बंडी.

“माय, पाह्य, बाबा केला! गुरुजी म्हणे, घरातलं बिनकामाचं आणा.”

रंभानं बाहुला तिच्या हातातून ओढून घेतला. वाघानं नेलेल्या माणसाचं काहीच हाती लागलं नाही, तर गावात त्याच्या कपड्यांतला असाच बाहुला करून जाळत. गुरुजी पडले नागपूरचे. त्यांना हे कोण सांगणार?

आता हा जाळावा तर क्रियाकर्मच उरकल्यासारखं, आणि फेकावा तर नवऱ्यालाच घराबाहेर काढल्यासारखं. शेवटी तिला एकच सुचलं. जेवायला बसलेल्या माणसाला मेला म्हणायची कोणाची छाती आहे? तिनं बाहुल्याला पाटावर बसवलं, पुढ्यात भाताची थाळी ठेवली आणि रोजच्यासारखी खेकसली, “खा ना आता! काऊन रुसून राह्यले?”

नेमका तेव्हाच मुखरू अंगणात आला. त्यानं बंडी पाहिली, थाळी पाहिली. गावची रीत त्यालाही ठाऊक होती. त्याचा पाय उंबऱ्याबाहेरच थिजला.

“रंभे,” तो म्हणाला, “मले वाघानं कुठी धरलं व?”