उन्हातला वाफा

बायको वारल्यावरचा हा पहिला हंगाम. बियाण्यांच्या दुकानात मी फक्त दुधीचं पाकीट मागितलं. यंदा वाद घालायला कोणी नाही, असं मनात आलं आणि क्षणभर बरं वाटलं. त्याची लगेच लाज वाटली. दुकानदाराला काही ठाऊक नव्हतं. त्यानं सवयीनं लाल भोपळ्याचं पाकीटही पुढं ठेवलं. "वहिनी गेल्या वर्षी तक्रार करत होत्या. उन्हातला वाफा तुमच्या दुधीला, त्यांचा भोपळा न्हाणीच्या मागं सावलीत. मग फळ धरणार कसं, सांगा." परसात ऊन येणारा वाफा एकच आहे. मला भोपळा आवडत नाही, म्हणून वाफा दरवर्षी दुधीलाच द्यायचो. मी दुधीचं पाकीट परत सरकवलं. "नको, भोपळाच द्या." दुकानदार हसला. "म्हणजे शेवटी वहिनीच जिंकल्या म्हणायच्या. घरी सांगा त्यांना, यंदा भोपळे वाटून वाटून दमाल." "सांगतो," मी म्हणालो.