निर्जळ

मणिकर्णिकेवर चितेची लाकडं तोलणाऱ्या माणसाने आजही हाक मारली. "का गुरु, अब त लकड़ी कम लागी." यज्ञेशचं उतरत चाललेलं अंग बघून तो रोज असंच काहीतरी बोलायचा. मालविका हसली. यज्ञेश हसला नाही.

रोज सकाळी नवरा-बायको शिंदे घाटावरून निघायचे ते मुन्शी घाटापर्यंत. सुरुवातीला यज्ञेश दर घाटावर बसायचा आणि ती त्याला उठवायची, त्या छत्रीपर्यंत, त्या नावेपर्यंत, असं करत पुढे न्यायची. आता बसायची पाळी तिची होती.

येत्या सोमवारी त्याची एक किडनी तिला मिळायची होती. डॉक्टरांनी त्याला वजन उतरवायला सांगितलं होतं, पण हळूहळू. चालायचं, मोजकं जेवायचं, पाणी भरपूर प्यायचं, उपाशी मात्र राहायचं नाही. यजमानांच्या घरची जेवणं त्याने सोडली, सकाळची कचोरी-जिलबी सोडली. ती त्याच्या ताटातला भात कमी करून भाजी वाढायची. तो, पूजा सांगणारा ब्राह्मण, तिच्यासाठी वेगळ्या पातेल्यात अंडं उकडायचा आणि ती तोंड वाकडं करत ते संपवेपर्यंत समोर बसून राहायचा. वजन उतरत गेलं, आणि पाडव्याच्या आधी एका जागी अडकून बसलं. काल मात्र हॉस्पिटलातल्या काट्याने मान डोलावली. मग तपासणीला रक्त देऊन दोघं घरी आले होते.

मुन्शी घाटावर यज्ञेशने एकदम पायरी धरली आणि बसला. चैत्रातलं ऊन अजून कोवळं होतं, तरी त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मालविका शेजारी टेकली. म्हणाली, "सोमवारी असं तोंड घेऊन येऊ नका. डॉक्टर म्हणतील, माल खराब आहे."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हॉस्पिटलातली मुलगी होती, हिंदीत बोलत होती, अगदी जपून. गुरुजींच्या रक्ताचा रिपोर्ट बरोबर नाही. त्यांच्या किडनीवरच ताण आलेला दिसतोय. सोमवारचं ऑपरेशन आता होणार नाही. आधी त्यांना सावरू द्या, मग सगळ्या तपासण्या पुन्हा, मग बघू. मालविकाने विचारलं, रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तर नाही? मुलगी म्हणाली, दोनदा बघितला. मालविका म्हणाली, जी. मग आणखी एकदा म्हणाली, जी, आणि फोन पिशवीत ठेवला.

तिच्या हातातली सुया टोचायची जागा मागेच बंद पडली होती. आता डायलिसिस मानेतल्या नळीवर चालायचं. ती नळी किती टिकेल, हे विचारलं की डॉक्टर दुसरंच काही बोलायचे.

"काय केलंत?" तिने विचारलं.

यज्ञेशने नदीकडे बघत थोडं थोडं करून सांगितलं. पाडव्यापासून चैत्री नवरात्राच्या पाठाला तो यजमानाकडे जात होता आणि फराळ तिकडेच होतो म्हणून सांगत होता, तो फराळ त्याने केलाच नव्हता. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. शेवटचे दोन दिवस तर रात्रीही नाही. तपासणी झाल्यावरही घेतलं नाही, सोमवारपर्यंत काटा पुन्हा चढायला नको म्हणून.

"हरतालिकेला तू पाणी सोडतेस," तो म्हणाला. "माझ्यासाठी. लग्न झाल्यापासून. मला वाटलं, आपणही..."

एक नाववाला जवळ येऊन, बोट, गुरुजी, बोट, असं विचारून गेला. मालविकाने त्याला हातानेच नको म्हटलं.

ती रागावली नाही, रडलीही नाही. गुडघ्यावर हात रोवून उठली आणि वरच्या चहाच्या टपरीकडे एक एक पायरी चढत गेली. डायलिसिसमुळे तिला दिवसाला दोन-तीन फुलपात्रं पाण्याचीच मुभा होती आणि त्यातलं निम्मं गोळ्या गिळण्यातच जायचं. दुपारी जीभ टाळूला चिकटली की ती बर्फाचा खडा फडक्यात धरून ओठांवरून फिरवायची. टपरीवाल्याने पेटीतून थंड बाटली काढून दिली. बाटलीला बाहेरून घाम फुटला होता. ती दोन्ही हातांत धरून मालविका खाली आली, तेव्हा तिचे तळवे ओले झाले होते. ते तिने पदराला पुसले नाहीत.

झाकण तिला उघडेना. त्याने उघडलं, आणि पाठ फिरवली. घरीही तो असाच स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन पाणी प्यायचा. वर्ष झालं, तिच्यासमोर त्याने भांडं तोंडाला लावलं नव्हतं.

"इकडे तोंड करून प्या," ती म्हणाली.

"मालू, नको."

"हळू प्या. एक एक घोट. मला बघू द्या."

तो वळला. बाटली ओठांना लावली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, जानव्यापर्यंत गेलं. मालविका समोरच्या पायरीवर बसून त्याच्या गळ्याकडे बघत होती, आणि त्याच्या प्रत्येक घोटाबरोबर तिचाही कोरडा गळा वरखाली हलत होता.