डावा कान

काचेच्या खोलीत बद्रीनाथने पुन्हा बोट वर केलं. बरोबर. पुढच्या आवाजालाही बरोबर. आकांक्षाला संशय आला. तिने मागे वळून पाहिलं. तिच्याच खुर्चीमागे बद्रीनाथची बायको झुंबरबाई पदर हलवत उभी होती.

"काकू, तुम्ही त्यांना खुणा करून राह्यल्या?"

"माश्या हाकलून राह्यले."

"एसीत माश्या?"

आकांक्षाने कपाळावर हात मारला. जालन्याच्या या दवाखान्यात ती रोज लोकांचे कान तपासत होती. दहावीच्या पेपरला पुरवावी तशी नवऱ्याला कॉपी पुरवणारी बायको तिला आजच भेटली होती.

महिन्यापूर्वी चक्कर थांबावी म्हणून डॉक्टरांनी बद्रीनाथच्या डाव्या कानाच्या पडद्यातून सुई घालून आत औषध सोडलं होतं. चक्कर कमी झाली, थांबली नाही. आणखी एक सुई लागणार होती. पण या औषधाने कधी कधी ऐकू येणंच जातं. तपासणीत तसं दिसलं, तर दुसरी सुई मिळणार नव्हती.

"काकू, खोटी तपासणी झाली तर कान जाईल त्यांचा!"

"गेलाच हाये तो. सुई दिल्यापासून डावीकडून हाक मारली की ओ देत न्हाईत. उरलासुरला बी जाऊ द्या. मी वरडून बोलीन. पण हे सारखे पडत्यात, बाई. उचलून उचलून माही कंबर गेली."

आकांक्षाने तिला दाराबाहेर बसवलं. बद्रीनाथला भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आवाज बारीक होत गेला. बोट वर होत राहिलं.

थोड्या वेळाने तिने दार उघडलं. "कान होता तसाच आहे. दुसरी सुई मिळेल."

झुंबरबाईने हात जोडले. ते जोडलेलेच राहिले आणि ती नवऱ्याकडे वळली.

"म्हंजे तुम्हाला समदं ऐकू येतं? मंग महिनाभर मी घसा फोडून राह्यले, ते?"

बद्रीनाथ चपला शोधू लागला.

"आता तरी बोला ना!"

"ओ दिली की उठावं लागतं," तो खाली बघतच म्हणाला. "उठलो की पडतो. मंग तू उचलती. अन् उचलताना तू हळूच 'आई गं' म्हणती, ते बी मला ऐकू येतं."