सोबतीचे दोन घास

वजनकाट्यावर उभ्या उभ्या लिफ्टवाल्याने आधी खिशातला पाना काढला, मग किल्ल्यांचा जुडगा, मग कमरेचा पट्टा. आकडा काही केल्या खाली येईना. पहिल्या भेटीपेक्षा दोन किलो जास्तच.

"मशीन बिघडलंय," तो म्हणाला. उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेलं, त्यामुळे पहिला संशय मशीनवरच.

आहारतज्ज्ञ बाई स्वतः काट्यावर चढून उतरल्या. मशीन धडधाकट होतं.

लिफ्ट दुरुस्त करायची तर तिच्या छतातल्या चौकोनी झडपेतून वर जावं लागतं. गेल्या महिन्यात तो त्या झडपेत कमरेशी अडकला होता. डोकं वर, पाय खाली, आणि इमारतीतली माणसं जमून त्याला वर ढकलायचा की खाली ओढायचा यावर वाद घालत होती. सगळे हसले, त्याच्या कंपनीचे साहेब तेवढे हसले नाहीत. पुढच्या महिनाअखेरीस याच झडपेतून जाऊन दाखवा, नाहीतर घरी बसा, इतकंच ते म्हणाले. आता तो महिना संपत आला होता.

बाईंनी उपाय सांगितला होता तो सोपा. खाणं तेच, फक्त वेळ अलीकडे आणायची. रात्रीचं जेवण संध्याकाळी सातला आणि त्यानंतर फक्त पाणी.

"सातला जेवता ना, काका?"

"घड्याळ लावून. कामावरच जेवतो. ही दुसरा डबा देते."

शेजारच्या खुर्चीत मांडीवर पर्स धरून बसलेल्या बायकोने मान हलवली.

"आणि त्यानंतर?"

"काही नाही."

"बिस्किट, दूध, फरसाण?"

"नाव नको."

बाई चक्रावल्या. त्यांनी आहाराचा तक्ता वरून खाली वाचला, मग खालून वर. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते दिसेना. लिफ्टवाला पुन्हा वजनकाट्याकडे बघू लागला. सांगितलेलं सगळं करूनही नोकरी जाणार असेल, तर माणसाने आणखी करायचं तरी काय?

"घरी किती वाजता पोचता?" बाईंनी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"साडेनऊ होतात."

"मग काय करता?"

"हातपाय धुतो. जेवायला बसतो."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. "जेवायला?"

"म्हणजे हिच्याबरोबर हो. ही बिचारी माझ्यासाठी खोळंबलेली असते. एकटीच्या घशाखाली घास उतरत नाही हिच्या. मग मी बसतो, दोन घास घेतो. ते जेवण नाही, मॅडम. ती सोबत."

"अहो, खोळंबलेली कोण?" बायको ताडकन म्हणाली. "तुम्ही सातला फोन करता ना, डबा उघडला म्हणून? तेव्हाच मीही ताट वाढून घेते. म्हटलं, बरोबर नाही तर नाही, निदान एका वेळी तरी जेवू."

"म्हणजे तू जेवलेली असतेस?"

"पोटभर!"

"मग रात्री परत ताटं कशाला मांडतेस?"

"दिवसभर राबून आलेल्या माणसाला त्या एवढ्याशा डब्याने काय होतंय? आणि तुम्हाला एकट्याला वाढून मी नुसती बघत बसू? म्हणून मीही बसते."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. चोर सापडला होता, पण दोघांतला कोणता ते कळेना.

"काकू, तुम्हीही जरा काट्यावर या बरं," बाई म्हणाल्या.

"पर्ससकट?"

"ठेवा ती खाली."

तिने पर्स ठेवली. आकडा पाहिला आणि मुकाट्याने पर्स उचलून पुन्हा खुर्चीत बसली.

"सोपं आहे मग," बाईंना हायसं वाटलं. "रात्री कुणीच जेवायचं नाही."

"बरं. मग रात्री करायचं काय?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"म्हणजे?"

"सकाळी हिची डबे भरायची घाई. दिवसभर मी कुणाच्या तरी लिफ्टवर टांगलेला. तेवढाच काय तो वेळ असतो आम्हाला. पुढ्यात ताट नसेल तर समोरासमोर बसून माणसाने करायचं काय?"

बाई पुन्हा गोंधळल्या. त्यांच्या तक्त्यात याला रकाना नव्हता. "गप्पा मारा," त्या म्हणाल्या.

"नुसत्या?" दोघांनी एकदमच विचारलं.

बाहेर लिफ्ट आली ती भरूनच. दोघं कशीबशी आत शिरली, तशी घंटा वाजायला लागली. आतल्यांनी आधी एकमेकांकडे आणि मग सगळ्यांनी मिळून त्याच्याकडे पाहिलं. तो बाहेर पडला. घंटा थांबली. दार मिटता मिटता बायकोही बाहेर आली.

"अगं, तू कशाला उतरलीस? घंटा थांबली होती."

"चार मजले एकटेच उतरणार?"

ती जिन्याने निघाली. उतरतानाही दुसऱ्या वळणावर तिला दम लागला आणि ती पायरीवरच बसली. त्याला दम लागला नव्हता, तरी तोही शेजारी टेकला. महिनाअखेर त्याच्या छातीवर बसली होती. आज सातला जेवायचं, साडेनऊला जेवायचं नाही, इतकं त्याला कळलं होतं. पुढचं कळत नव्हतं.

"बोला की काहीतरी," ती म्हणाली. "सवय तर करायला हवी."

त्याने हातातला पाना या हातातून त्या हातात घेतला. घसा खाकरला.

"जेवलीस?" त्याने विचारलं.