सत्यभामाबाईंचं मत

पुस्तक उघडताच मागच्या पानावरून कागदाचा एक कपटा सुटला आणि पुंडलिकरावांच्या मांडीवर पडला. बायकांच्या रांगेत बसलेल्या रंजूच्या तोंडचं पाणी पळालं. तो कपटा तिनेच चिकटवला होता, घाईघाईत, शिळ्या भाताच्या शितांनी. श्रावणाच्या दमट हवेत शितं कसली टिकतात! आता खालचं सगळं उघडं पडलं होतं, आणि ते वाचणार होते तिचे सासरे.

सिहोऱ्याच्या समाजमंदिरात महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी ही वाचनमंडळी जमायची. अंगणवाडीच्या कामिनीताईंनी सुरू केलेला हा उद्योग. एक पुस्तक घरोघर फिरायचं. मागे एक कोरा कागद लावलेला. ज्यानं वाचलं त्यानं त्यावर आपलं मत लिहायचं, नाव न टाकता. मग सभेत सगळी मतं मोठ्यानं वाचायची. दोन वर्षांत काय काय वाचून झालं होतं! सापांवरचं पुस्तक, हिमालयातली भटकंती, एका नर्सचं आत्मचरित्र, लढाईवरची जाडजूड कादंबरी. पुंडलिकराव प्रत्येक पुस्तक धानाच्या हिशेबानं वाचत. हिमालयावर त्यांनी लिहिलं होतं, 'पाणी भरपूर, पण धानाच्या बांधीले जागा नाही.' सत्यभामाबाईंचं, म्हणजे रंजूच्या सासूबाईंचं, मत मात्र कुठल्याही पुस्तकावर दोनच शब्दांचं: 'बरं आहे.' त्यांना बारीक अक्षर दिसत नसे. दुपारी रंजू त्यांना वाचून दाखवी आणि त्यांचं ते 'बरं आहे' कागदावर लिहूनही टाकी.

या खेपेची कादंबरी होती घर सोडून गेलेल्या एका बाईची. कागदावर पहिलं मत पुंडलिकरावांचं होतं. ते त्यांनी स्वतःच खणखणीत आवाजात वाचलं.

"असल्या बाईले पुन्हा घरात घेऊ नये. लेकरू ठेवून घ्यावं अन् तिले माहेरी सोडून यावं."

पुरुषांनी माना डोलावल्या. रंजूची लेक खुशबू सहा वर्षांची होती. सासरे बोलले तसं करणारे होते, आणि बापापुढे ब्र काढण्याची तिच्या नवऱ्याची, मनीषची, छाती नव्हती.

कुठून दुर्बुद्धी सुचली आपल्याला! एका दुपारी सासूबाईंना शेवटचं पान वाचून दाखवलं, त्या या खेपेला 'बरं आहे' न म्हणताच कुशीवर वळल्या, आणि हिनं पेन उचलून मनात होतं ते सगळं लिहून टाकलं. लिहिल्यावर भानावर आली. कागद फाडावा तर सासऱ्यांचं मतही फाटलं असतं. मग वर तो कपटा लावला आणि त्यावर लिहिलं, 'बाईनं धीर धरायला हवा होता.' काम भागलं म्हणून निर्धास्त झाली. वेडी कुठली!

पुंडलिकरावांनी कपटा बाजूला ठेवला आणि खालचं वाचायला घेतलं.

"मीबी एकदा अशीच निघाली होती. चुलीवर भात ठेवला अन् पिशवी घेऊन स्टँडवर गेली." त्यांचा आवाज हळू होत गेला. "तुमसरची बस आली. कंडक्टरनं विचारलं, कुठं जायाचं? मले सांगताच आलं नाही. मंग घरी आली. कोणाले कळलंही नाही."

पुंडलिकरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"हे अक्षर आमच्या घरचं आहे," ते म्हणाले.

"काका, नाव विचारायचं नाही, असं ठरलंय न आपलं," कामिनीताई मध्ये पडल्या.

"ठरलं असंल. मले माहीत पाहिजे." त्यांनी चष्मा काढला. "रंजू, उभी राय."

रंजूनं उठण्यासाठी जमिनीवर हात टेकला. आज संध्याकाळीच आपली पिशवी भरली जाणार आणि खुशबू दारात रडत राहणार, एवढंच तिला दिसत होतं. देवा, एवढी वेळ निभावून ने! तेवढ्यात तिच्या खांद्याचा आधार घेऊन शेजारून कोणी तरी उठलं. सत्यभामाबाई होत्या.

"अक्षर तिचं आहे," त्या म्हणाल्या, "मत माझं आहे. मले दिसत नाही, तं तिच्याकडून लिहून घेतलं. नेहमीच घेते."

"तू?" पुंडलिकराव हसायला गेले, पण हसू आलं नाही. "तू निघाली होती घरातून?"

"लिहिलं आहे न तसं. आता पुढचं वाचा. लोक खोळंबून राहिले."

पुंडलिकराव कागदाकडे बघत बसले. वर त्यांचंच मत होतं, त्यांच्याच अक्षरात. आणि सत्यभामाबाईंना आता सोडून यायला माहेरही उरलं नव्हतं. शेवटी पुंडलिकरावांनी पुढचं मत वाचलं. मागच्या रांगेला ते ऐकूही गेलं नाही.

सभा सुटली. पुंडलिकराव एकटेच पुढे निघाले. मागून सासू-सून चालत होत्या. सासऱ्यांची ती ताठ पाठ रंजूला समोर दिसत होती. घरी गेल्यावर काय होईल? आता होईल ते या म्हातारीचं होईल.

"आई," ती दबक्या आवाजात म्हणाली, "माझ्यासाठी तुमी काहून खोटं बोलल्या?"

"खोटं कायचं त्यात?" सत्यभामाबाईंनी पदर सारखा केला. नवऱ्याच्या पाठीकडे बघतच त्या म्हणाल्या, "फक्त मले कुठं जायाचं ते माहीत होतं. बसच आली नाही त्या दिवशी."