तपकिरी ठिपके

कर्करोगाच्या गाठीतलं एकच प्रथिन नेमकं हुडकणारं प्रतिपिंड तपासता तपासता प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ आठ महिन्यांत मेटाकुटीला आली होती. ते प्रथिनाला चिकटलं की तिथं तपकिरी रंग उमटायला हवा; पण कधी सगळी काच तपकिरी व्हायची, कधी रंगाचा पत्ताच नसायचा. आज मात्र रोगट पेशी तेवढ्या तपकिरी झाल्या होत्या. शेजारच्या निरोगी पेशी निळ्याच्या निळ्या! तिनं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी आणलं.

"शाब्बास पोरी! अगदी रंगेहाथ पकडलंस!" मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी काचेवरचा नमुना क्रमांक वाचला आणि त्या खो खो हसत सुटल्या.

"काय झालं, मॅडम?"

"अगं, ही माझीच गाठ! सहा वर्षांपूर्वी काढली, तेव्हा संशोधनाला दिली होती. मेलीनं मला किती रडवलं होतं, आज कुठे कामाला लागली!"